छोट्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन: स्वॅप आखताना पडणारे प्रश्न

हे पान पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडवं इंजिन असलेल्या छोट्या गाड्यांबद्दल आहे. उदाहरणं मुख्यतः होंडा सिव्हिक आणि इंटेग्रा या जोडीची घेतली आहेत, कारण मी हात काळे केले ते याच जोडीवर, आणि एका गाडीचं इंजिन दुसरीत जाताना काय काय आडवं येतं ते या जोडीत चांगलं दिसतं. तुमची गाडी वेगळी असली तरी विचारायचे प्रश्न हेच.

इंजिन स्वॅपमध्ये नेमकं काय काय बदलतं?

लोकांना वाटतं एक इंजिन उतरवायचं, दुसरं चढवायचं. उतरवणं-चढवणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. चेन पुली, दोन माणसं आणि एक दिवस पुरतो. खरं काम असतं ते इंजिन जिथे जिथे गाडीला जोडलेलं असतं तिथे. माउंटिंग, गिअरबॉक्स, गिअर लिंकेज, ड्राइव्ह शाफ्ट, क्लच, ॲक्सिलरेटर केबल, पेट्रोलचे पाइप, कूलंटचे होज, सायलेन्सर, वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), मीटर. या प्रत्येक सांध्यासमोर एक ओळ लिहा: जुन्या गाडीचा भाग चालेल, डोनर गाडीचा (जिचं इंजिन घेताय तिचा) लागेल, की तिसराच बनवून घ्यावा लागेल. कागदावरची ती ओळ रिकामी राहिली, तर काम नेमकं तिथेच अडणार.

सुरुवात कुठून करू?

एका प्रश्नापासून: कंपनीने स्वतः तुमच्या बॉडीत ते इंजिन, किंवा त्याच कुटुंबातलं दुसरं इंजिन, कधी बसवलं होतं का? दुसऱ्या देशातल्या मॉडेलमध्ये बसवलं असेल तरी चालतं.

१९९६ ते २०००ची सिव्हिक घ्या. बहुतेकांकडे तिचं डी-सिरीज इंजिन असतं. पण त्याच बॉडीत होंडाने बी-सिरीजही बसवली होती: जपानमध्ये एसआयआर मॉडेलमध्ये, अमेरिकेत १९९९ आणि २०००च्या सिव्हिक एसआयमध्ये. म्हणजे त्या बॉडीत बी-सिरीज बसवायला लागणारे ब्रॅकेट, लिंकेज, होज हे सगळं कधीतरी कारखान्यातच बनलेलं आहे. इंटेग्राचं बी१८ हे त्याच कुटुंबातलं. त्यामुळे हा स्वॅप म्हणजे सुटे भाग शोधायचं काम आहे, वेल्डिंगचं नव्हे. सुझुकी स्विफ्टचंही तसंच. ९९३ सीसीचं तीन सिलिंडरवालं जी१० आणि १२९८ सीसीचं चार सिलिंडरवालं जी१३ ही दोन्ही इंजिनं एकाच बॉडीत आलेली आहेत. दोघांचा बोअरही (सिलिंडरचा व्यास) एकच, ७४ मिलिमीटर.

उत्तर ‘नाही’ असेल तर स्वॅप अशक्य होत नाही. पण मग तो वेगळा खेळ झाला. त्यात माउंट बनवून घ्यावे लागतात, ड्राइव्ह शाफ्ट कापून जोडावे लागतात, आणि एक भाग बिघडला की दुकानात जाऊन ‘अमुक मॉडेलचा द्या’ असं सांगता येत नाही. पहिलाच स्वॅप असेल तर या वाटेला जाऊ नका.

नुसतं इंजिन घेऊ की अख्खी डोनर गाडी?

अख्खी गाडी. मागून ठोकलेली, गंजलेली, काचा फुटलेली कशीही चालेल. बॉनेटखालचं सगळं जागेवर हवं आणि शक्य तर ती चालू स्थितीत हवी.

नुसतं इंजिन स्वस्त दिसतं. मग लक्षात येतं की क्लच फोर्क नाही. तो आणला की कळतं, हाफ शाफ्टचा ब्रॅकेट नाही. त्यानंतर थ्रॉटल केबलचा दीड बोटाएवढा पत्रा. असे वीस-पंचवीस तुकडे एकेक करून गोळा करताना पैसा जातोच, पण प्रत्येक तुकड्यासाठी आठवडा जातो, आणि तेवढे आठवडे गाडी ठोकळ्यांवर. माझ्या पहिल्या स्वॅपमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना मधल्या डॉवेल पिना हरवल्या होत्या. बोटाच्या पेराएवढ्या दोन पोकळ नळ्या. बोल्ट घट्ट बसतायत म्हटल्यावर ‘काय फरक पडतो’ म्हणून मी तसंच चढवलं. फरक पडतो: गिअरबॉक्स इंजिनाच्या मध्यरेषेवर बसवायचं काम बोल्ट करत नाहीत, या पिना करतात. दोन महिन्यांत इनपुट शाफ्ट आवाज करायला लागला आणि सगळं पुन्हा उतरवावं लागलं.

डोनर गाडीचा आणखी एक फायदा आहे आणि तो पैशात मोजता येत नाही. वायरिंग कुठून कसं जातं, कुठला होज कुठे वळतो, हे समोर दिसतं. उतरवायच्या आधी फोटो काढा, ‘पुरे झाले’ वाटल्यावर आणखी तितकेच काढा.

जुनं इंजिन घेताना काय तपासू?

गाडी चालू असेल तर ती थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल, तर ती थंड होईपर्यंत थांबा किंवा परत जा; सुरू होतानाचा धूर आणि खडखड थंड इंजिनच दाखवतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट जळतंय. ऑइल फिलरचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ कॉफीसारखा थर दिसला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. (फक्त थोड्या अंतरासाठी वापरलेल्या गाडीत नुसत्या दमटपणानेही असा पातळ थर येतो, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका.)

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, इग्निशन आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते पाहा. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर का, ते शोधल्याशिवाय पैसे देऊ नका. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा: आकडा वाढला तर रिंग गेल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

इंजिन आधीच जमिनीवर असेल तर निदान क्रँक पुली पान्याने एक पूर्ण फेरी फिरवून बघा, कुठे अडकते का. आणि ब्लॉकवर ठोकलेला नंबर वाचा. बाहेरून झाकण एका इंजिनाचं आणि खाली ब्लॉक दुसऱ्याचा, हा प्रकार लोकप्रिय इंजिनांच्या बाबतीत नवा नाही.

जास्त हॉर्सपॉवरचंच इंजिन घ्यावं ना?

रोज चालवायची गाडी असेल तर हा आकडा फसवा आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या इंटेग्रातली दोन बी१८ घ्या. बी१८सी१ला व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) आहे, १७० हॉर्सपॉवर. बी१८बी१ साधं, १४०च्या आसपास. ऐकणारा प्रत्येकजण पहिल्याकडे धावतो. पण टॉर्क बघा: पहिल्याचा १७४ न्यूटन-मीटर, ६२०० आरपीएमला, दुसऱ्याचा १७२, ५२०० आरपीएमला. ट्रॅफिकमध्ये, चढावर, चार माणसं बसवून गाडी ओढताना बी१८बी कुठेही मागे पडत नाही. उलट ते हजार आरपीएम आधीच जागं होतं. सीसीही त्याचेच जास्त आहेत, १८३४ विरुद्ध १७९७. शिवाय व्हीटेक नसल्यामुळे वायरिंग सोपं, आणि मागणी कमी म्हणून चांगल्या अवस्थेतलं मिळण्याची शक्यता जास्त.

ज्याला सुई ८००० पर्यंत नेण्यातच आनंद आहे त्याने बी१८सी किंवा बी१६ (वरच्या एसआयआर आणि एसआयमधलं) घ्यावं. तो आनंद खरा आहे, मी नाकारत नाही. फक्त कशासाठी पैसे देतोय ते माहीत असावं.

माझा जुना गिअरबॉक्स ठेवता येईल का?

डीवरून बीवर जाताना नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथले बोल्ट या दोन कुटुंबांत वेगळे आहेत. इतर गाड्यांत कुटुंब एकच असेल तर कधी कधी जमतं, पण त्यात दोन गोष्टी बघायच्या: जुना गिअरबॉक्स नवा टॉर्क पेलेल का, आणि रेशो नव्या इंजिनाला शोभतील का.

रेशोचं गणित घरी कागदावर करता येतं आणि करावंच. १८५/६०/१४ टायरचा परीघ सुमारे १.८१ मीटर. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ९२० फेऱ्या मारतं. डीएक्स या साध्या मॉडेलच्या सिव्हिकचा पाचवा गिअर ०.७०२, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्समधला शेवटचा रेशो) ३.७२२. गुणाकार २.६१, म्हणजे इंजिन साधारण २४०० आरपीएमवर. इंटेग्रा जीएसआरचा (बी१८सी१वाली) पाचवा ०.७८७, फायनल ४.४००. गुणाकार ३.४६, म्हणजे जवळजवळ ३२००. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला इंजिन आठशे फेऱ्या जास्त मारतंय. लांब प्रवासात हा आवाज कानाला आणि हा फरक पेट्रोलच्या काट्याला रोज जाणवतो. गाडी झटकन उचलते हेही खरं, पण हे आधी माहीत असलं तर बी१८बीसोबत येणारा थोडा लांब रेशोचा गिअरबॉक्स घ्यायचा विचार तुम्ही कराल.

होंडात वेगाचा सेन्सर डिफरन्शियलवरून चालतो, त्यामुळे फायनल ड्राइव्ह बदलल्याने स्पीडोमीटर चुकत नाही. टायरचा आकार बदलला तर मात्र चुकतो.

क्लचही तपासा. १९९१ पर्यंतच्या बी-सिरीज गिअरबॉक्सना केबलचा क्लच होता, १९९२ पासून हायड्रॉलिक आला. गाडीत हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्स केबलवाला अशी जोडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हील एकाच संचातले हवेत.

माउंटिंगचं काय?

कंपनीचे ब्रॅकेट मिळत असतील तर तेच. बाजारात मिळणारे कडक पॉलियुरेथेनचे माउंट ‘मजबूत’ म्हणून खपतात. मजबूत असतातही, पण इंजिनाची प्रत्येक थरथर डॅशबोर्डपर्यंत पोचवतात. रोजच्या गाडीला नवे रबरी माउंट बरे.

बसवताना एक शिस्त पाळा: सगळे माउंट बोल्ट आधी सैल लावायचे, इंजिनाचं वजन माउंटवर पूर्ण येऊ द्यायचं, थोडं हलवायचं, आणि मगच सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने आणि टॉर्कने घट्ट करायचे. एकेक घट्ट करत गेलात तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि आयडलवर स्टीअरिंग थरथरतं.

ड्राइव्ह शाफ्ट?

आतलं टोक गिअरबॉक्सच्या दात्यांना जुळायला हवं, बाहेरचं टोक चाकाच्या हबला, आणि लांबी बॉडीला. तिन्ही अटी एकाच शाफ्टने पुऱ्या केल्या तर नशीब. सिव्हिकमध्ये बी-सिरीज घालताना १९९४ ते २००१च्या इंटेग्राचे शाफ्ट आणि मधला हाफ शाफ्ट वापरला की काम होतं. हाफ शाफ्ट विसरू नका. तो डोनरमध्ये ब्लॉकला बोल्टने लावलेला असतो आणि ‘इंजिन गिअरबॉक्ससकट’ विकणारे तो हमखास काढून ठेवतात.

सगळे के-सिरीज म्हणतात. मी बी का घेऊ?

के२० उत्तम इंजिन आहे, वाद नाही. ८६ बाय ८६ मिलिमीटर, १९९८ सीसी, टायमिंग बेल्टऐवजी चेन. पण जुन्या सिव्हिकसाठी ते परकं आहे. चालकाच्या जागी बसून पुढे पाहिलं तर डी आणि बी इंजिनांची बेल्टची बाजू डाव्या हाताला आणि गिअरबॉक्स उजव्या हाताला असतो. के-सिरीज उलट्या दिशेने फिरते, म्हणून तिचा गिअरबॉक्स डाव्या हाताला येतो. इथून पुढे सगळंच उलटतं: माउंट, क्लचची नळी, स्टार्टरची वायर, कूलंटचे होज. गिअर बदलायला दांड्याऐवजी दोन केबल, म्हणजे आतला गिअर लिव्हरही बदलणार. तयार किट मिळतात आणि लोक करतातही. पण हे ‘दोन छोट्या गाड्यांमधला स्वॅप’ या मापाच्या पलीकडचं काम आहे. दुसऱ्या-तिसऱ्या स्वॅपला ठीक.

वायरिंगची भीती वाटते. किती अवघड आहे?

भीती योग्य जागी आहे. अर्धवट सोडलेले स्वॅप मी जितके पाहिले, त्यातले बहुतेक वायरिंगपाशी अडले होते. पण अवघड आहे ते न आखता केलं तर.

आधी दोन्ही गाड्यांचे वायरिंग डायग्राम मिळवा. मग एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात ईसीयूची पिन, दुसऱ्यात जुन्या गाडीत तिथे काय येतं, तिसऱ्यात नव्या ईसीयूला तिथे काय हवं. जिथे दोन्ही सारखं तिथे टिक. जिथे फरक, तिथे लाल खूण. हा तक्ता भरायला दोन-तीन संध्याकाळी जातात. बहुतेक लोक हा वेळ वाचवतात आणि मग गाडीखाली झोपून टेस्टर हातात धरून तोच तक्ता डोक्यात भरत बसतात.

सिव्हिक-इंटेग्राच्या बाबतीत लाल खुणा थोड्याच निघतात. व्हीटेक नसलेल्या गाडीत व्हीटेकचं इंजिन घालत असाल तर व्हीटेक सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप), त्याचा ऑइल प्रेशर स्विच आणि नॉक सेन्सर यांच्यासाठी नव्या वायरी ईसीयूपर्यंत न्याव्या लागतात. बी१८सी१च्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये दोन टप्प्यांचे मार्ग आहेत, त्यांची झडप चालवणारं सोलेनॉइडही जोडायचं. ऑक्सिजन सेन्सर एका वायरीचा आहे की चार, ते बघा. चार वायरीवाल्यात हीटर असतो आणि त्याला वेगळा पुरवठा लागतो.

त्यात वर्षांचा घोळ असतो. होंडाने १९९६ पासून ओबीडी-२ (गाडीतले दोष ओळखण्याची नवी पद्धत) आणलं आणि ईसीयूचे कनेक्टर बदलले. पुढे १९९९ला सिव्हिकमध्ये पुन्हा बदलले. जोडायला ॲडॅप्टर मिळतात, पण इंजिन, हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि ईसीयू एकाच पिढीचे असतील तर डोकं शांत राहतं.

वायरी जोडताना पिळून टेप गुंडाळणं नको. क्रिंप करा किंवा सोल्डर करून हीट-श्रिंक नळी चढवा, आणि सांधा हलणाऱ्या जागी ठेवू नका. प्रत्येक नव्या वायरीला दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. एक वर्षानंतर तुम्हीच ते हार्नेस उघडाल आणि तेव्हा काही आठवत नसेल.

किल्लीत चिप आहे. त्याने काही अडतं का?

अडतं. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला, इतरत्रही तो हळूहळू आलाच. अशा गाडीत किल्लीतली चिप, स्टीअरिंग कॉलमवरची अँटेनाची कडी आणि ईसीयू एकमेकांना ओळखतात. नुसता ईसीयू आणलात तर इंजिन फिरेल, क्षणभर पेटेल आणि बंद पडेल, किंवा पेटणारच नाही. डोनर गाडीची किल्ली, कडी आणि ईसीयू (काही गाड्यांत वेगळा कंट्रोल बॉक्सही असतो) हे सगळं एकत्र आणा. डोनर गाडी अख्खी घ्या म्हणतो ते यासाठीही.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर ॲक्सिलरेटरचं पेडलही डोनरचंच लागतं, कारण पेडलमध्ये सेन्सर असतो. केबलच्या थ्रॉटलचं इंजिन मिळत असेल तर जुन्या गाडीसाठी तेच घ्या. जुन्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये १.८ टर्बो घालणारे एजीयू कोडचं इंजिन शोधत फिरतात, त्यामागे हेच एक कारण: त्याला केबल आहे.

आणि गाडी बरीच नवी असेल, म्हणजे मीटर, एबीएस, पॉवर स्टीअरिंग आणि ईसीयू सगळे कॅन नेटवर्कवर एकमेकांशी बोलत असतील, तर वेगळ्या पिढीचं इंजिन घालणं घरच्या अंगणात करायचं काम राहत नाही.

ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करायचीय, त्यातच स्वॅपही. दोन्ही एकदम?

एकदमच करा, पण ती दोन वेगळी कामं धरून वेळ लावा. क्लच पेडल, मास्टर सिलिंडर, फायरवॉलला भोक, लिव्हर, मधला कन्सोल, न्यूट्रल आणि रिव्हर्स लाइटच्या वायरी. ईसीयू मॅन्युअल गाडीचा घ्या. ऑटोमॅटिकचा ईसीयू गिअरबॉक्सचे सोलेनॉइड शोधत राहतो आणि चेक इंजिनचा दिवा विझत नाही.

ब्रेक बदलावे लागतात का?

कायदा काय म्हणतो ते सोडा, हो. मूळ १०६ हॉर्सपॉवरच्या गाडीत १७० घालताय. डोनर गाडी घरात उभी आहेच. तिचे पुढचे नकल (चाकाचा हब धरणारे भाग), डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर चालतात का ते बघा. या सिव्हिक-इंटेग्रा जोडीत बरंचसं सरळ बसतं. क्रम असा ठेवा: आधी ब्रेक, टायर आणि शॉक ॲब्सॉर्बर, मग इंजिन. उलट क्रमाने करणारे ‘नंतर करू’ म्हणतात आणि ते नंतर कधी येत नाही.

एसी आणि पॉवर स्टीअरिंग राहील का?

राहील. कॉम्प्रेसर आणि पंप डोनरच्या ब्रॅकेटवरच ठेवा, फक्त पाइप जुळतात का ते आधी बघा. एसीचा गॅस हवेत सोडू नका, मशीन असलेल्या माणसाकडून काढून घ्या.

पेट्रोल पंप, रेडिएटर, सायलेन्सर?

पेट्रोलमध्ये दोन गोष्टी: प्रेशर आणि परतीची नळी. जुन्या गाड्यांत उरलेलं पेट्रोल टाकीत परत जातं, नव्यांत अनेकदा परतीची नळीच नसते. इंजिन एका पद्धतीचं आणि गाडी दुसऱ्या पद्धतीची असेल तर रेग्युलेटर कुठे बसवायचा ते आधी ठरवा. रेडिएटर जुना आणि एका थराचा असेल तर बदला. पंखा बॉनेट बंद झाल्यावर मॅनिफोल्डला टेकत नाही ना, हे इंजिन आत गेल्यावरच कळतं, म्हणून पातळ पंख्याची जागा मनात ठेवा. सायलेन्सरचा पुढचा पाइप डोनरचा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर.

कायद्याने चालतं का?

हे देशागणिक बदलतं, एकाच देशात राज्यागणिकही. तुमच्या नोंदणी कार्यालयात पान्याला हात लावायच्या आधी विचारा, नंतर नव्हे. साधारणपणे तीन गोष्टी पाहिल्या जातात: इंजिन नंबर नोंदणीत बदलला का, उत्सर्जनाची सगळी यंत्रणा आहे का, आणि इंजिन गाडीपेक्षा जुनं तर नाही. कॅलिफोर्निया याबाबत कडक म्हणून ओळखलं जातं. तिथे इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नवं लागतं, त्या इंजिनासोबत आलेली उत्सर्जनाची सगळी उपकरणं बसवलेली लागतात आणि गाडी रेफरीकडून, म्हणजे तिथल्या अधिकृत तपासनीसाकडून, तपासून घ्यावी लागते. तुमच्याकडे नियम सैल असले तरी हीच तीन मापं लावून इंजिन निवडा. उद्या नियम आवळले किंवा गाडी विकायची झाली तर अडचण येत नाही. डोनर गाडीची कागदपत्रं आणि इंजिनाची खरेदी पावती जपून ठेवा. विमा कंपनीला लेखी कळवा. न सांगता चालवलेल्या गाडीचा दावा नाकारायला त्यांना एवढं कारण पुरतं.

इंजिन बाहेर आहे तोवर काय काय बदलून घेऊ?

टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकची पुढची-मागची ऑइल सील, कॅम सील, क्लचचा संच, थर्मोस्टॅट, सगळे होज, शाफ्टची सील. बी-सिरीजमध्ये बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, म्हणून विकणारा ‘बेल्ट नवाच आहे’ म्हणाला तरी बदला. मागची क्रँक सील बाहेर असताना अर्ध्या तासाचं काम. गाडीत असताना गिअरबॉक्स उतरवायचं काम.

हेड उघडू का, असं विचारणारे असतात. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर उघडू नका.

किती दिवस लागतील?

पहिल्या वेळी मी दोन शनिवार-रविवार धरले होते. चार महिने लागले. त्यातले प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजले तर बारा-तेरा. बाकी सगळा वेळ सुटे भाग येण्याची वाट बघण्यात. आता मी उलट करतो: तक्त्यातला प्रत्येक भाग घरात येईपर्यंत गाडी चालवत राहतो. जुनं इंजिन अखेरच्या दिवशी उतरतं. रोज कामाला नेणारी एकच गाडी असेल तर तिच्यावर स्वॅप करू नका, हे मी मित्रांनाही सांगतो आणि ते ऐकत नाहीत.

बजेटचं म्हणाल, तर इंजिनाला जितके लागले तितकीच रक्कम किरकोळ गोष्टींसाठी बाजूला ठेवा. ती उरली तर ब्रेकला कामी येईल.

उतरवताना काय जपायचं?

बॅटरी आधी सोडा. पेट्रोलच्या लाइनमधलं प्रेशर काढा, जवळ अग्निशामक ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, स्टँड लावा. लटकत्या इंजिनाखाली हात-पाय नको. बोल्ट पिशव्यांत, पिशवीवर नाव. ‘लक्षात राहील’ या वाक्यावर भरवसा ठेवू नका.

पहिल्यांदा स्टार्ट करताना?

ऑइल, कूलंट आणि गिअर ऑइल भरलंय याची दोनदा खात्री. मग इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत. महिनोन्महिने कोरड्या पडलेल्या बेअरिंगला ही पहिली धार मिळाली पाहिजे. त्यानंतर पेट्रोल चालू करा, गळती बघा, आणि मगच किल्ली. सुरू झाल्यावर कूलंटमधली हवा काढा: हीटर पूर्ण गरमवर, ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत. पंखा आपोआप लागेपर्यंत गाडीपासून हलू नका.

फिरतंय पण सुरू होत नाही!

आधी अर्थिंग तपासा. निम्म्या वेळा तेवढंच असतं. इंजिन आणि बॉडी रबरी माउंटमुळे एकमेकांपासून तुटलेली असतात, त्यांना जोडणाऱ्या जाड पट्ट्या रंगावर किंवा गंजावर बसवल्या की सगळे सेन्सर वेडेवाकडे आकडे देतात. होंडात ईसीयूची अर्थिंगची वायर थर्मोस्टॅट हाउसिंगपाशी असते. तो छोटा बोल्ट नेमका राहून जातो. मग स्पार्क, मग पेट्रोल पंपाचा आवाज, मग मेन रिले, मग डिस्ट्रिब्युटरचा कनेक्टर. चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड देत असेल तर तो वाचा, अंदाज नको.

सुरू झालं आणि व्हीटेक लागत नसेल तर ऑइलची पातळी, प्रेशर स्विचची वायर आणि इंजिनाचं तापमान या तीन जागा बघा. थंड इंजिनात व्हीटेक लागतच नाही.

जुन्या इंजिनाचं काय करू?

निदान सहा महिने ठेवा. ऑइल भरलेलं असू द्या, प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल टाका, तोंडं बंद करा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा. जुना ईसीयू आणि कापलेलं हार्नेसही त्याच्याच शेजारी ठेवा. माझ्या दुसऱ्या स्वॅपमध्ये एका सेन्सरचा कनेक्टर फुटला, आणि तो बाजारात सापडेना. शेवटी जुन्या डी-सिरीजच्या हार्नेसमधून कापून लावला. आजही तोच आहे.